आधी बिल वाचा, बांबूचा ब्रश नंतर: ठाणे-नवी मुंबईत पर्यावरण सांभाळून पैसे कसे वाचवायचे

इको-फ्रेंडली राहायचं ठरवलं की बरेच लोक पहिलं काम काय करतात, तर खरेदी. बांबूचा टूथब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, काथ्याचा महागडा स्क्रबर, वर काहीतरी इंग्रजी वाक्य छापलेली तागाची पिशवी, आणि तिकडे स्वयंपाकघराच्या दारामागे आईने जुन्या साडीच्या शिवलेल्या चार पिशव्या वर्षानुवर्षं तशाच लटकत असतात. हे असलं सामान घेऊन पैसे वाचत नाहीत, उलट जातात, आणि नवीन वस्तू बनवायला वीज-पाणी लागतंच ना. म्हणून माझा साधा हिशोब असा की जे विकत आणावं लागत नाही ते आधी करायचं, मग शे-दोनशे रुपयांतलं, आणि मोठी खरेदी फक्त वाचलेल्या पैशातून. पगारातून नाही. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात पैसे लपवून ठेवायच्या तसा एक डबा करा, खरा डबा नको असेल तर बँकेत वेगळं खातं चालेल, पण बिलात जेवढा फरक पडला तेवढी रक्कम दर महिन्याला तिथे गेली पाहिजे. नाहीतर वाचलेले पैसे कुठे जातात ते कोणालाच कळत नाही, आणि मग माणूस म्हणतो छे, काही फरक पडला नाही.

पायरी १: विजेचं बिल नीट वाचा

हे कंटाळवाणं आहे, तरी सगळा खेळ इथेच आहे. ठाणे आणि नवी मुंबईत वीज महावितरणची, कळवा-मुंब्रा-शीळ भागात बिल टोरंटकडून येतं पण दर महावितरणचेच. घरगुती बिलात स्लॅब असतात: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. बऱ्याच जणांना वाटतं की १०१ वं युनिट झालं की सगळीच युनिटं महाग दराने लागतात, तसं नाहीये. पहिली १०० स्वस्तातच लागतात, पुढच्यांना पुढचा दर. पण पहिल्या आणि दुसऱ्या स्लॅबमध्ये जवळपास दुपटीचा फरक आहे, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असतं, वहन आकार आणि इंधन समायोजन आकारही असतो, म्हणजे १०० च्या वरचं एक युनिट सगळं धरून साधारण बारा रुपयांच्या आसपास पडतं. तुमच्या बिलात थोडं कमी-जास्त असेल, बिल घेऊन स्वतः गणित करा.

आता याचा अर्थ काय, तर तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं, म्हणजे तुमचं सगळ्यात महाग युनिट. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घराने ४० वाचवली तर ती सगळी महाग स्लॅबमधली वाचली, पाचशे रुपयांच्या घरात. ज्यांचं बिल आधीच ९० युनिटवर आहे त्यांना तेवढंच करून निम्मेच पैसे मिळतात. म्हणून शेजारच्यांनी काही घेतलं म्हणून आपण घ्यायचं नाही, आधी आपण कुठल्या स्लॅबमध्ये आहोत ते बघायचं. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, त्यातला मे आणि जानेवारी शेजारी शेजारी ठेवा, एसी-पंखा किती खातो ते समजेल.

बिल हातात आहेच तर अजून दोन गोष्टी. त्यावर जीजीएन नावाचा क्रमांक छापलेला असतो, तो वापरून महावितरणच्या साईटवर गो-ग्रीन नोंदणी करा, कागदी बिल बंद होतं आणि त्याबद्दल बिलामागे १० रुपये सवलत मिळते. आणि लवकर भरणाऱ्याला जी सूट असते तिची तारीख बिलावर वेगळी छापलेली असते, शेवटच्या तारखेच्या आधीची. मोबाईलमध्ये रिमाइंडर त्या तारखेचा लावा.

घरी नवीन टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली ते वेगळं मोजणारा मीटर, बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सरचं वाटण, पाण्याची मोटर हे सगळं दिवसा केलं तर फुकटात फायदा. नोकरीवाल्या घरात हे रोज जमत नाही, मान्य, पण मशीनला टायमर असतो, तो आपण कधी वापरतच नाही.

पायरी २: रात्रीचं रीडिंग

एक रात्र निवडा, थंडीतली असली तर उत्तम कारण एसी नसतो. झोपताना मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी उठल्या उठल्या पुन्हा लिहा. या मधल्या वेळात चालू काय होतं? फ्रीज, पंखे, आणि जे आपल्याला चालू आहे असं वाटतच नाही ते. म्हणजे सेट टॉप बॉक्स, वायफाय राउटर, टीव्हीचा लाल दिवा, मायक्रोवेव्हचं घड्याळ. फ्रीज आणि पंख्याचा अंदाज वजा केला की उरतं ते सगळं वाया. १० वॉट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १० वॉट चोवीस तास महिनाभर म्हणजे ७ युनिट, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये, वर्षाला हजार. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज खातच राहतो, त्याचा भिंतीवरचा स्विच बंद करायचा. टीव्ही, बॉक्स, साऊंडबार असं सगळं एका स्विचवाल्या एक्स्टेंशनवर घेतलं की झोपताना एक बटण.

फ्रीजचं बघायचं असेल तर दाराच्या रबरात एक नोट धरून दार लावा आणि नोट ओढा, सहज बाहेर आली तर रबर सैल झालंय. आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा, नुसत्या चिकट घाणीमुळे पण असं होतं, नाही झालं तर गास्केट बदलून मिळतं, नवीन फ्रीज लागत नाही. मागे भिंतीपासून चार बोटं जागा ठेवा. आणि गरम भाजीचं पातेलं सरळ आत ठेवणं बंद करा, हे घरात कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा.

पायरी ३: एसी, पंखा, गिझर

आपल्याकडे खरा त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा, खाडी जवळ आहे ना. म्हणून २० वर एसी लावून चादर घेण्यापेक्षा २६ वर लावून पंखा एकवर ठेवला तर अंग कोरडं राहतं आणि झोप चांगली लागते. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे वीज बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था, सांगते, त्याच कारणाने २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वरच सुरू होतो. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर महिन्याला दोनशेच्या आसपास युनिटं जातात, २४ चा २६ केला तर पंचवीस युनिटं कमी, म्हणजे तीनशे रुपये, तेही काही विकत न घेता. पावसाळ्यात कूल मोड नको, ड्राय मोड लावा. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा, विशेषतः घोडबंदर रोडला किंवा जिथे बिल्डिंगांची कामं चाललीत तिथे, महिन्याभरात फिल्टर राखाडी होतो.

एसीच्या पाइपखाली बादली ठेवा. दमट दिवसांत रात्रभरात बरंच पाणी जमतं, लादी पुसायला, झाडांना, फ्लशला चालतं. पिऊ नका, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, ते डिस्टिल्ड वॉटर आहे असं लोक सांगतात पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात येतात.

पंखा. ही एकच खरेदी आहे जी मी जवळपास सगळ्यांना सांगतो, फक्त हिशोब करून. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटच्या आसपास. हॉलमधला पंखा दिवसाला पंधरा तास फिरतो असं धरा, साधा महिन्याला ३४ युनिटं खातो, बीएलडीसी १३-१४. वीस युनिटांचा फरक म्हणजे २४० रुपये. पंखा तीन हजारांना धरला तर वर्षभरात वसूल. पण हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावला, जिथे तो आठवड्यातून दोन तास फिरतो, तर तो कधीच वसूल होणार नाही. म्हणून एकदम पाच पंखे बदलायचे नाहीत, सगळ्यात जास्त फिरणारा एक बदला, त्याचे पैसे डब्यात जमले की दुसरा. आणि जुना पंखा हळू फिरतो म्हणून काढत असाल तर थांबा, बऱ्याचदा आतला कपॅसिटर गेलेला असतो, वायरमन शंभर-दोनशे रुपयांत बदलून देतो.

गिझर हा आपल्याकडे तसा तीन महिन्यांचा पाहुणा असायला पाहिजे, पण घरोघरी तो मेमध्येही चालतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारनंतर नळाला इतकं गरम येतं की हात भाजतो, तरी सवयीने बटण दाबलं जातं. पंधरा लिटर पाणी अंघोळीपुरतं तापवायला साधारण पाव ते अर्धं युनिट लागतं, चार माणसांचे महिन्याला पंचेचाळीस-पन्नास युनिट, पाचशे-सहाशे रुपये. करायचं एवढंच की बटण आंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावायचं, एकामागोमाग एक आंघोळी उरकायच्या, आणि होळी झाली की मेन स्विचच बंद. गिझरवर तापमानाचा नॉब असेल तर ५० वर ठेवा, ७० वर तापवून त्यात थंड पाणी मिसळण्यात काही अर्थ नाही.

पाइप गॅस असलेल्यांनी गॅस गिझर घ्यावा का? पैशाच्या हिशोबाने हो. महानगर गॅसचं एक युनिट साधारण पन्नास रुपयांच्या आसपास, त्यातून जेवढं पाणी तापतं तेवढं विजेवर तापवायला जवळपास दुप्पट लागतात. पण बंद बाथरूमच्या आत गॅस गिझर अजिबात बसवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही, लोक गेलेत यात. बाहेर ड्राय बाल्कनीत मोकळ्या हवेत जागा असेल आणि पाइप आत घेता येत असेल तरच, नाहीतर विजेचाच बरा.

एलईडीबद्दल फार लिहीत नाही, बहुतेक घरांत झालंय. देवघराच्या वरची किंवा गॅलरीतली जुनी चोकवाली ट्यूब तेवढी राहून जाते, ती बदला.

पायरी ४: पाणी, आणि आरओचा प्रश्न

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी, ठाण्याला मुख्यतः भातसाचं. धरणाचं पाणी, म्हणजे क्षार कमी. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्हीत पैसे आहेत.

पहिली, कपड्यांची पावडर. क्षाराच्या पाण्यात फेस होत नाही म्हणून पावडर जास्त लागते, आपल्याकडे तो प्रश्न नाही. पाकिटावर दोन चमचे लिहिलेत तिथे एक घालून बघा. कपडे तेवढेच निघतात, आणि खळबळायचं पाणीही कमी लागतं.

दुसरी, आरओ. दीड-दोनशे रुपयांना टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर मिळतो, पेनाएवढा. एकाने घेतला तरी मजल्याला पुरतो. नळाचं पाणी ग्लासात घेऊन त्यात धरा. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची मान्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर जिथे ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा असं सांगितलं होतं. पालिकेचं पाणी सरळ येत असेल तर आकडा त्याच्या खूप खाली दिसेल. मग आरओ कशाला? एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर गटारात, वर दर वर्षी फिल्टर-मेम्ब्रेनचा खर्च काही हजारांचा. जंतूंसाठी यूव्ही-यूएफवाला प्युरिफायर पुरतो, तो पाणी वाया घालवत नाही, आरओची मेम्ब्रेन नाही म्हणून वर्षाचा खर्चही कमी. फक्त तुमच्याकडे टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर वेगळी गोष्ट, खाडीजवळच्या बोअरला खारटपणा असतो, तिथे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोनदा मोजा आणि मगच ठरवा. आरओ आहेच घरात, तर त्याची बाहेर जाणारी नळी बादलीत सोडा. चालता आरओ मोडीत काढायची घाई नको, मेम्ब्रेन संपेल तेव्हा बदल करा.

नळांना एरेटर लावा, जाळीसारखा असतो, शंभर रुपयांच्या आत मिळतो, हाताने फिरवून बसतो. सिंकचा नळ मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो, एरेटर लावल्यावर निम्म्याच्या खाली येतो आणि भांडी घासणाऱ्या ताईंना फरकही कळत नाही. फ्लशची टाकी गळते का ते बघायला टाकीत थोडा खायचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका, कमोडमध्ये रंग उतरला म्हणजे वॉशर गेलाय. वॉशर शंभर-दीडशेचा, आणि गळणारं पाणी रात्रंदिवस चालू असतं.

ज्या सोसायट्या टँकर मागवतात त्यांच्यासाठी हे नुसतं घरापुरतं नाही, टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये सगळ्यांच्या माथी येतं. शंभर फ्लॅटपैकी वीस फ्लॅटचे फ्लश गळत असतील तर तुम्ही कितीही काटकसर करा.

पायरी ५: स्वयंपाकघर

इथे दादा-वहिनी सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून चटकन. राजमा-छोले-वाल रात्री भिजवा, कुकरला वरण-भात-बटाटा एकावर एक डबे लावून एकदम, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. मोठी आच भांड्याच्या बाहेर गेली तर ती फक्त हवा तापवते. दर दोन वर्षांनी नॉनस्टिक तवा फेकण्यापेक्षा बिडाचा तवा एकदा घ्या, तो पुढच्या पिढीला जाईल.

खरे पैसे वाया जातात ते फ्रीजमध्ये सडून. शनिवारी मोठी भाजी आणायची आणि गुरुवारी अर्धी फेकायची. याला ॲप लागत नाही, फ्रीजच्या दारावर कागद चिकटवा आणि आत काय आहे ते लिहा, जे आधी संपवायचं ते वर. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची थालीपीठं, फ्लॉवरच्या दांड्यांचं लोणचं, शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात. हे आपल्याकडे होतंच, झिरो वेस्ट म्हणून आता कॅफेत चारशे रुपयांना विकतात.

खरेदीचं म्हणाल तर तुर्भ्याच्या एपीएमसीचा, म्हणजे घाऊक बाजाराचा, फायदा घ्या. कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोणीने मिळतं, पन्नास किलो एका घराला जास्त, पण मजल्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एक गोणी आणली तर किरकोळ भावाशी चांगलाच फरक पडतो. डाळी-तांदूळ-गव्हाचंही तसंच. एक अट, गाडी भरून चार जण जा, एकट्याने एका गोणीसाठी गाडी काढली तर पेट्रोलमध्येच गेलं. कांदे फक्त जूनच्या आधी साठवा, पावसाळ्यात दमटपणाने कोंब येतात आणि सडतात.

ठाण्यात जांभळी नाक्याला भाजी स्वस्त पडते, आणि पावसाळ्यात येऊरच्या बाजूच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी, आणि पावसाच्या सुरुवातीला शेवळं. कंटोळी-शेवळं स्वस्त नाहीत, पण टाकळा-कुर्डूची जुडी सुपरमार्केटमधल्या पालकापेक्षा कमीत मिळते, खत नाही, औषध नाही, प्लॅस्टिक नाही. शेवळं कशी करायची ते त्या बाईंनाच विचारा, नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते, काकडं नावाची रानफळं सोबत घालायची असतात.

पायरी ६: साफसफाई आणि कचरा

लिंबू-संत्र्या-मोसंबीच्या साली फेकू नका, बायो-एन्झाइम करा. प्रमाण १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. प्लॅस्टिकच्याच बाटलीत, काचेच्या नको, आत गॅस होतो आणि काच फुटू शकते. बाटली पूर्ण भरायची नाही, वरचा पाव भाग रिकामा. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, नंतर आठवड्यातून एकदा, तीन महिन्यांनी गाळून घ्यायचं. लादीसाठी एक झाकण अर्ध्या बादलीत. दोन गोष्टी लक्षात ठेवा, हे आम्ल आहे म्हणून मार्बल आणि कडप्प्यावर वापरू नका, चमक जाते. आणि जंतुनाशक म्हणून यावर विसंबू नका, घरात आजारी माणूस असेल तेव्हा नेहमीचं फिनाइल आणा. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो, फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच मात्र चुकूनही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन गॅस होतो.

घरच्या घरी खत करायचं असेल तर पद्धत अशी. झाकणाचे दोन डबे, वीस लिटरचे, जुने रंगाचे चालतात, बाजूला आणि तळाला भोकं पाडा. तळाशी दोन इंच सुका पाला किंवा कोकोपीट. रोजचा भाजीचा कचरा बारीक करून टाका आणि दर वेळी जवळपास तेवढाच सुका माल त्यावर, फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, पुठ्ठा, पाला, काहीही. सुरुवातीला आंबट ताक शिंपडा. आठवड्यातून दोनदा हलवा. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, सुकं घाला. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या खत लवकर करतात. एक डबा भरला की दुसरा सुरू, पहिला दीड-दोन महिन्यांत तयार होतो. मासे-मटण, तेलकट उरलंसुरलं टाकू नका, उंदीर येतात. पावसाळ्यात सुका माल जास्त लागतो म्हणून मार्च-एप्रिलमध्येच खाली पडलेला पाला गोणीत भरून ठेवा.

पैशाच्या बाजूने खरं सांगायचं तर एका घराला खतातून फार काही वाचत नाही. कुंड्यांचं खत आणि माती विकत आणायची थांबते तेवढंच. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओवा, मिरची लावली तर रोजचे दहा-वीस रुपये सुटतात. टोमॅटो बाल्कनीत लावून पैसे वाचतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, हौस म्हणून लावा.

सुक्या कचऱ्यात मात्र रोख पैसे आहेत. ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, बाटल्या, कागद वेगवेगळे ठेवले तर रद्दीवाला भाव देतो, एकत्र घाण करून दिलं तर भाव नाही. जुन्या साड्या-पँट घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणी अजून कोपरखैरणे, वाशी, ठाण्याच्या जुन्या भागांत फिरतात, घासाघीस करायची तयारी पाहिजे. जी साडी अगदीच विरली ती बोहारीण पण घेत नाही, तिच्या पिशव्या आणि पुसणी करा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्याच वेळी ५ हजार दंड आहे, तेव्हा गाडीच्या डिकीत आणि ऑफिसच्या बॅगेत एकेक कापडी पिशवी घडी करून कायमची ठेवून द्या. घरी कितीही पिशव्या असल्या तरी दुकानात आपण हात हलवतच जातो.

बायकांसाठी अजून एक: मेन्स्ट्रुअल कप तीनशे-पाचशेत येतो आणि नीट उकळून ठेवला तर वर्षानुवर्षं चालतो. काही महिन्यांच्या पॅडच्या पैशात वसूल. सगळ्यांना जमतो असं नाही, सवय व्हायला वेळ लागतो.

पायरी ७: येणं-जाणं

ठाण्यातून ऐरोली, रबाळे, महापे, वाशीला नोकरीला जाणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बर लोकलचा पास आणि स्वतःच्या गाडीचं पेट्रोल एकदा शेजारी लिहून बघा, पार्किंग-सर्व्हिसिंग सोडून. तुलनाच नाही. पास तीन महिन्यांचा काढा, तो महिन्याच्या पासाच्या २.७ पट पडतो, म्हणजे दहा टक्के सुटले आणि रांगही वाचली. स्टेशनपासून पुढे एनएमएमटीची बस किंवा शेअर रिक्षा. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, तळोजा-खारघरवाल्यांनी ती धरावी.

इलेक्ट्रिक स्कूटरचा हिशोब: रोज वीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, पाचशे किलोमीटर. पेट्रोलवर लिटरला ४५ चं ॲव्हरेज धरलं तर अकरा लिटर, अकराशेच्या वर. विजेवर साधारण १५ युनिटं, महाग स्लॅबने पण १८० रुपये. महिन्याला हजारेक वाचतात. पण तुमची स्कूटर फक्त भाजी आणि मुलांच्या क्लासपुरती फिरत असेल तर जुनीच वापरा, टायरची हवा पंधरवड्याला बघा. आणि सोसायटीत चार्जिंगला आपल्या मीटरवरून लाइन घेता येते का ते बुकिंगच्या आधी विचारा, नंतर कमिटीशी भांडत बसण्यापेक्षा बरं.

पायरी ८: सोसायटीत विषय काढणं

घरातलं सगळं झालं की पुढचे मोठे पैसे गच्चीवर आहेत. पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यासाठी, किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. २० किलोवॅटला ३ लाख ६० हजार. एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिटं देतो आणि गच्चीवर शंभर चौरस फूट जागा घेतो, म्हणजे २० किलोवॅटला दोन हजार चौरस फूट, आणि महिन्याला चोवीसशेच्या आसपास युनिटं. पावसाळ्यात कमी. सिडकोच्या रो-हाऊसवाल्यांना स्वतःचं छप्पर आहे, त्यांना वैयक्तिक अनुदान, ३ किलोवॅटला ७८ हजार. शेजारी उंच टॉवर असेल तर आधी सकाळी दहा ते दुपारी तीन सावली कुठे पडते त्याचे फोटो काढा, सावलीतल्या पॅनेलला पैसे घालण्यात अर्थ नाही.

सोलरच्या आधी मात्र जिन्यात सेन्सरचे दिवे आणि पंपाचा टायमर करून घ्या. वापर कमी झाला की पॅनेलही कमी लागतात.

पावसाचं पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पडतो, ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेसात लाख लिटर, वाया जाणारं सोडून सहा लाख धरा. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर साठ टँकर. ते सगळं साठवता येत नाही, पण गच्चीचे पाइप गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडले तर बोअरला उन्हाळ्यात फरक पडतो, आणि पावसाळ्याचे चार महिने फ्लश-गाड्या धुणं त्यावर चालतं.

कमिटीसमोर जाताना पर्यावरण हा शब्द कमी वापरा. मागच्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची बिलं, टँकरची बिलं, तीन वेगवेगळ्या एजन्सींची लेखी कोटेशन आणि किती महिन्यांत वसूल होतं त्याचा एक पानी तक्ता, एवढं न्या. कोटेशनमध्ये नेट मीटरिंगचं, म्हणजे उरलेली सोलर वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करून घ्यायचं काम, पाच वर्षांचा मेंटेनन्स आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कोणाची हे लिहून घ्या, भांडणं नेहमी गळतीवरून होतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि अजेंडा चौदा दिवस आधी लागतो, म्हणून सेक्रेटरीकडे अर्ज जुलैमध्येच द्या आणि पोच घ्या.